कोऱ्या पानावरचा चेहरा

“नवीन टॅब उघडला की नुसता बाजार भरतो बघ,” काका म्हणाले. “बातम्या, जाहिराती, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं वजन उतरलं. साहेबांच्या कॉम्प्युटरवर साधं, मोकळं पान हवंय. जमेल ना, चिऊ?”

“दहा मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली.

साहेब जेवायला घरी गेले होते. काकांनी त्यांच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि ते फायलींच्या कपाटाकडे वळले.

इमारतींचे नकाशे करणाऱ्या या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायला लागून तिला चार महिने झाले होते. नोकरी काकांच्या शब्दावर मिळाली. ती एका पायावर तयार झाली, तेव्हा काकांना वाटलं पोरीला काम आवडलं. तिच्या मनात काय होतं, ते तिने त्यांनाही कळू दिलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी तिचे बाबा इथेच नकाशे काढायचे. एका गोदामाचा स्लॅब कोसळला आणि एक गवंडी दोन्ही पायांनी अधू झाला. नकाशात सळयांमधलं अंतर चुकलेलं होतं आणि खाली सही बाबांची होती. “हा आकडा माझा नाही,” बाबा सांगत राहिले. साहेबांनी ऐकून घेतलं नाही, त्याच दुपारी त्यांना घरी धाडलं. पुढे कुणी दारात उभं केलं नाही. बाबा घरी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तोच स्लॅब पुन्हा पुन्हा काढत राहिले आणि दुसऱ्या वर्षी गेले.

काका बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. बाबांच्या मागे तिला त्यांनीच सांभाळलं. शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही त्यांची, भूमिती शिकवली त्यांनी, एक रविवार चुकवला नाही. सख्खा काकासुद्धा एवढं करत नाही, असं आई म्हणायची.

आणि साहेबांवर तिने तेव्हापासून डूख धरला होता.

तिने ब्राउझरमध्ये एक ॲड-ऑन घातलं. आता नवीन टॅबवर हवं ते चित्र येणार होतं, खाली हवी ती ओळ. चित्र म्हणून तिने बाबांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यातले बाबा थेट समोर बघायचे, कुठूनही पाहा, आपल्याकडेच. ओळीची जागा तिने मोकळी ठेवली. सगळं आपल्या खात्याला जोडलं, म्हणजे पुढचे बदल तिच्या टेबलावरून करता येणार होते आणि पान किती वेळा उघडलं, तेही दिसणार होतं.

पहिल्या दिवशी ते त्रेचाळीस वेळा उघडलं गेलं.

आता बोलावणं येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब जिन्यात भेटले. तिच्या नमस्काराला त्यांनी उत्तर दिलं, पण नजर भलतीकडेच. चोराच्या मनात चांदणं, ती स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात तिने फोटोखाली ओळ घातली: “तो आकडा कुणाचा होता?” तिसऱ्या आठवड्यात ती पुसून दुसरी: “मला ठाऊक आहे.”

पान उघडायचं प्रमाण तीसवर आलं, मग बारावर, मग पाचवर. साहेब घाबरले होते. त्या दिवशीचा चहा तिला कित्येक वर्षांत लागला नव्हता एवढा गोड लागला.

काळजी होती ती काकांची. त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झाली होती, डबा न उघडता घरी जात होता.

“डॉक्टरकडे जाऊया, काका.”

“वयाला कुठला डॉक्टर औषध देतो?” ते म्हणाले. “चिऊ, माणसाला माफ करता येतं का गं?”

साहेबांनी यांना मध्यस्थ म्हणून पाठवलंय, तिला वाटलं. “माझ्या बाबांना कुणी केलं होतं?” ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली आणि डबा पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. अकराच्या सुमाराला साहेबांनी तिला बोलावलं.

“दार लाव. बस.”

टेबलावरच्या पडद्यावर नवीन टॅब उघडाच होता. बाबा साहेबांच्या तोंडासमोर होते, आणि साहेब निवांत हात बांधून बसले होते. तिचा संयम सुटला.

“या चेहऱ्यासमोर बसवतं तरी कसं तुम्हाला?”

“कुठल्या चेहऱ्यासमोर?”

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी आवाज खाली आणला.

“तुला आज ना उद्या सांगावंच लागलं असतं. दोन वर्षं झाली, मला दिसत नाही. सावल्या कळतात, बस. बाहेर समजलं तर एक काम हातात राहणार नाही, म्हणून आम्ही दोघांनीच हे जपलं. हा कॉम्प्युटर मी नाही चालवत. काका चालवतात. ते वाचतात, मी ऐकतो.” त्यांनी चाचपडत एक पाकीट तिच्याकडे सरकवलं. “सकाळी शिपायाला दाराखाली मिळालं. काकांचं अक्षर आहे म्हणाला. तू त्यांच्या घरच्यासारखी. तूच वाच.”

तिने पाकीट फोडलं. ज्या अक्षराने तिला प्रमेयं लिहून दिली होती, तेच अक्षर.

“मोठ्याने,” साहेब म्हणाले.

“साहेब,” तिने वाचलं, “गोदामाच्या नकाशाची नक्कल काढताना तो आकडा मी चुकवला होता; चिऊच्या बापाने माझ्या भरवशावर खाली सही केली. स्लॅब पडला तशी मूळ प्रत मीच फाडली. हे चिऊला कुठून कळलं, ठाऊक नाही, विचारायचा धीरही नाही. पण गेले तीन आठवडे ती मला रोज तिच्या बापासमोर बसवते आहे, आणि आता माझ्याच्याने बसवत नाही.”