निरोगी नमुना

"नमुना परत लाव." मॅडमनी कागद टेबलावर आपटला. "आणि या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून."

मुंगीने कागद उचलला. ती पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला होती, पण सतत काहीतरी उचलून भिंतीकडेने धावत असायची, म्हणून सगळा जीवरसायन विभाग तिला मुंगीच म्हणायचा.

"मॅडम, दोनदा लावलाय."

"मग दोनदा चुकलीस."

साठवलेल्या चाऱ्याला लागणारी बुरशी गाईंच्या मूत्रपिंडांचं काय करते, यावर पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या या प्रयोगशाळेत तीन वर्षं काम चाललं होतं. आज दुपारी ते बघायला समिती येणार होती. गाईंचे नमुने लावण्याआधी मशीन एका निरोगी रक्तावर तपासून घ्यायचं, हा मॅडमचा नियम. मूत्रपिंडं रक्तातून जो कचरा गाळून टाकतात, त्यातल्या क्रिएटिनिनचा आकडा निरोगी रक्तात एकच्या आसपास येतो. मुंगीच्या कागदावर नऊ होता.

मशीन निरोगी रक्ताला आजारी म्हणत असेल, तर तीन वर्षांच्या कामावर पाणी.

"धडधाकट गाय बघून रक्त आण म्हटलं होतं ना? कुठल्या मरतुकडीला सुई टोचून आलीस?"

मुंगीने कागदाची घडी घातली. "परत लावते," एवढंच म्हणाली.

मॅडम तासाला निघाल्या. लिफ्ट बंदच होती. त्यांनी लिफ्टला, ती दुरुस्त न करणाऱ्यांना आणि त्यांना पगार देणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि जिना चढायला घेतला. मधल्या कठड्याला टेकून थोडा दम खाल्ला, तेव्हाही त्या पुटपुटतच होत्या.

वर्गात मागच्या बाकावर एकाने जांभई दिली.

"उरलेली झोप बाहेर जाऊन काढा," मॅडम म्हणाल्या. तो गेला. मग त्यांनी फळ्यावर मूत्रपिंड काढलं. "हा अवयव फार सोशिक. अर्ध्याहून जास्त निकामी झाला तरी कुरकुर करत नाही. मालक येऊन सांगेल, काही नाही हो डॉक्टर, जरा मलूल वाटते एवढंच. तेव्हा हसून परत पाठवू नका. रक्त काढा."

पोरं मुकाट्याने लिहून घेत होती. आज मॅडमशी पंगा नको, हे सगळ्यांना कळलं होतं.

खाली आल्या तर विभागप्रमुख दारातच उभे.

"काय म्हणतो आपला प्रकल्प? समितीला चहा कधी सांगू?"

"मशीन तपासणीचा आकडा चुकतोय."

"एकच ना? मग गाळून टाका तो. गाईंचे बाकीचे दाखवा. कोण बघतंय?"

"मी बघतेय, सर."

"अहो, चिडताय कशाला? मार्ग सांगितला."

"तो मार्ग तुमच्याकडेच ठेवा." मॅडमनी त्यांच्या तोंडावर दार लावलं नाही, पण लावलं असतं तरी फार फरक पडला नसता.

केबिनमध्ये त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकलं. रागाने अन्न घशाखाली उतरेना.

तेवढ्यात मुंगी आली. हातात नवा कागद. तो पुढे केला.

नऊ.

"वा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तीन वर्षं तुला शिकवलं. माझ्या रजा, माझ्या सुट्ट्या तुझ्यावर घातल्या. आणि तुला एक साधा नमुना लावता येत नाही. समिती गेली की तुझी नोंदणी रद्द करायला सांगते. ऐकतेस का?"

"हो, मॅडम."

"हो काय? भांड तरी. तुझी बाजू मांड."

मुंगी जमिनीकडे बघत राहिली. तिचे डोळे लाल होते. मॅडमना वाटलं, आता ही रडणार, आणि त्यांना आणखीच संताप आला.

"हो बाजूला. मीच लावते."

त्यांनी हातमोजे चढवले. पिपेट धुऊन घेतली, रसायनाची नवी बाटली फोडली, मुंगीने पुढे केलेल्या नळीतला रक्तद्रव स्वतः मोजून घेतला. हात सराईत होते. मशीन घरघरलं. कागद बाहेर आला.

नऊ.

मॅडमनी कागद उजेडाकडे धरून आकडा पुन्हा वाचला. "मशीनच बिघडलंय."

"नाही, मॅडम. सकाळी मी माझं स्वतःचं रक्त काढून लावलं. बरोबर आलं."

"म्हणजे रक्तच आजारी आहे." मॅडमचा राग एकदम वळला आणि दुप्पट होऊन परत आला. "आणि तू सकाळपासून नुसती परत परत लावत बसलीस? नऊ म्हणजे काय, कळतं ना तुला? दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली. आज उपचार सुरू झाले तर झाले. इथे आपण आकड्यावरून भांडतोय आणि तिकडे ते मुकं जनावर मरतंय. सांगितलं का नाहीस?"

"वाटत होतं, माझंच चुकत असेल. चुकलेलं निघावं म्हणून लावत होते."

"दवाखान्यात फोन लाव. आत्ता. कुठली गाय आहे ती?"

मुंगीने स्टूल पुढे ओढलं. "मॅडम, तुम्ही बसा ना."

"मला बसायचं नाहीये. कुठली गाय, ते सांग."

"काल फवारणीसाठी गोठा बंद होता," मुंगी म्हणाली. "फ्रीजमध्ये गेल्या आठवड्यात आरोग्य तपासणीला घेतलेलं, अजून न पाठवलेलं आपल्या सगळ्या स्टाफचं रक्त होतं. अख्ख्या विभागात कधी आजारी न पडणारं माणूस म्हणून मी तुमचं लावलं."