मालूचं कॉलेज

"दाखला न्यायला कुणी आलंच नाही, बाई," हेडमास्तर म्हणाले आणि गणित शिकवणाऱ्या मंदाकिनीबाईंचं डोकंच फिरलं. अकरावीच्या प्रवेशाचा आज शेवटचा दिवस, आणि मालूचा शाळा सोडल्याचा दाखला यांच्या कपाटात! मुद्दामच दाबून ठेवला असणार. या माणसाच्या डोळ्यांत पोरगी दोन वर्षं खुपत होती.

मालू नववीत असताना बाईंनी तिला शेजारच्या कॉलेजात गणिताच्या तासांना बसवायचं ठरवलं, तेव्हाही हेच आडवे आले होते. म्हणे, पोरगी ना धड शाळेची राहील ना कॉलेजची. बाई सगळ्यांशी भांडल्या. एकट्या केशरबाईनं, मालूच्या आईनं, आढेवेढे न घेता हो म्हटलं होतं. ठाण्याच्या बाजारात मासळी विकणारी बाई, पण तिला कळत होतं आणि या शिकलेल्यांना कळत नव्हतं! मालू शाळेच्या गणवेशात कॉलेजच्या बाकावर बसली आणि वर्षभरात थोराड पोरांना गणितं समजावून द्यायला लागली. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. आणि आता एका कागदासाठी तिला अडवता? बाईंनी दाखला जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि रिक्षा थेट बाजाराकडे वळवली.

मालू आईच्या जागेवर बसून सुरमई कापत होती. केशरबाई मागे गुडघे चोळत बसली होती.

"ऊठ मालू, हात धू. दोन वाजता खिडकी बंद होते."

मालू उठली नाही. तिनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा कोयता चालवायला लागली.

केशरबाई मात्र लगबगीनं पुढे आली. बाईंना बघून तिला कोण आनंद झाला होता. तिच्या सासूनं ही जागा तिला दिली होती. थोरल्या पोरीनं दहावी झाली की इथं बसायचं, हे घरात कधीचंच ठरलेलं होतं, असं तिनं कौतुकानं सांगितलं.

बाईंनी हातातला दाखला तिच्यापुढे धरला. "अहो, मग तिचं कॉलेज?"

केशरबाईनं दोन्ही हात जोडले.

"तुमचं उपकार जल्मात इसरायची नाय, बाई. पोरीला कॉलेजची लय हौस होती. तुमी होता म्हनून शालेतच उरकून झालं."