अर्धा नंदी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं रोहण्याच्या ओतशाळेत बसलो होतो. ते मेणाचा नंदी घडवत होते.

“हा तुहा काका ओतन,” ते म्हणाले. “मागच्या नंदीले ओतताना माह्या हातानं पितळाची धार तुटली. अर्धाच निघाला. आता हा हात काई कामाचा नाई.”

मी चहाचे कप उचलून विसळायला गेले.

तेरवीनंतर मी पुन्हा तिथे गेले. मेणावर माती लिंपायचं काम एरवी माझं. या वेळी ते रूपराव काकांनी केलं होतं. त्यांनी साचा तापवला तसं मेण वितळून वाहून गेलं आणि मातीत नंदीची पोकळी उरली. साच्यावरचं बारीक भोक त्यांनी काडीनं तपासलं. आतली हवा तिथून निघते; ते बंद असलं तर पितळ अर्ध्यातच थांबतं. मग त्यांनी मुशीतलं वितळलेलं पितळ एका धारेत ओतलं.

निवल्यावर माती फोडली. शिंगं, कान, शेपटी, सगळा नंदी आला होता.

“दादाची धार तुटली नसती तं मागचाही असाच निघाला असता,” काका म्हणाले. “लय जीवाले लावून घेतलं त्यानं. मंग कधी मूस हातात नाई धरली.”

मी बाबांच्या रिकाम्या पाटाकडे वळले.

“धार तुटली नव्हती, बाबा,” मी मोठ्यानं म्हणाले. “लिंपताना ते भोक माझ्याकडून बुजलं होतं. मला त्याच दिवशी दिसलं होतं.”