मे महिन्याचं माप

खडू फासलेली मोजपट्टी वर ओढताच मृदुला चक्रावली. भूजल खात्याकडून ती दर हंगामात गोदाक्कांच्या अरुंद विहिरीची पाणीपातळी मोजायला यायची. मे महिन्यात पाणी तळाला जायचं. यंदा ते मार्चपेक्षा वर कसं?

तिने वाकून पाहिलं. कठड्याचे दगड ओले होते, आणि चिंचेखाली रिकामे हंडे पालथे घातलेले होते.

"आक्का, विहिरीत पाणी ओतलंत?"

"वतलं वाईच. तू येनार कळल्यापास्नं हापशावरनं आणत हुते." गोदाक्कांनी सोललेले तळवे पदराआड लपवले. "मागल्या खेपेला आत बघितलंस आन् तुजं तोंड एवढंसं झालं. च्याबी न घेता गेलीस. म्हटलं, पोरीला परत तसं जायला नको."

मृदुलाने पट्टी हळूहळू गुंडाळली. मार्चमध्ये ती आईचे दिवस उरकून थेट कामावर आली होती. ऑफिसात तिच्या चेहऱ्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं.

"पाण्याचं काही नव्हतं हो, आक्का. आई गेली होती माझी."

गोदाक्का विहिरीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस का गं बये? दोन महिनं तुला उगाच बोल लावला."

आणि मृदुलाच्या हातातली पट्टी काढून घेत त्या म्हणाल्या, "वतलेलं पानी जिरू दे. माप उद्या घे. आज हितंच ऱ्हा."