तांब्यावरचा ताजा ठोका

न्यूलिन या इंग्रजी बंदरातले जुने कोळी वादळानं होड्या धक्क्याला अडकल्या की घरी बसून तांबं ठोकत. त्यांच्या फुलदाण्या जमवणारा हेडली नुसत्या ठोक्यावरून हात ओळखायचा. कधी चुकला नव्हता.

आज आभाळ निरभ्र होतं. तरीही नुकत्याच विकत आणलेल्या जुन्या फुलदाणीतून आवाज आला.

टक्.

टक्.

“वादळाचं लक्षण आहे हेडली, जोरीला माघारी बोलव,” बायको म्हणाली. जोरी, त्यांचा डावखुरा मुलगा, पहाटेच समुद्रावर गेला होता.

“उन्हानं तांबं तडतडतंय गं, वेडाबाई! ठोकणारा मरून शंभर वर्षं झाली.”

आवाज थांबला. हेडलीनं ऐटीत फुलदाणीवर अंगठा फिरवला. तांब्यात ठोकून उठवलेल्या माशांशेजारी एक ठोका ताजा होता. खाऱ्या पाण्यानं ओला. डाव्या हाताचा.

त्या हातात पहिली हातोडी हेडलीनंच दिली होती.