चार बोटं वर

त्रेचाळीस साली दहिवलीच्या तालमीत आबाजी आपल्या लेकाला, हिरामणला, दोन्ही बाजूंना पाय फाकवून थेट जमिनीवर बसायला शिकवत होता. रोज आधी पन्नास बैठका मारायला लावून अंग गरम करून घ्यायचा आणि मगच हळूहळू खाली जाऊ द्यायचा.

"मांडी ताणली तर ताणू दे. पर गुडघ्यात नायतर खुब्यात कळ आली का लगेच उठायचं रं," एवढंच त्याचं सांगणं.

सहा महिने झाले तरी हिरामण जमिनीपासून चार बोटं वरच राहिला. गावच्या जत्रेत तालमीच्या पोरांना कसरती करून दाखवायच्या होत्या. आदल्या दिवशी तो काकुळतीला आला.

"बाबा, खांद्यावर जरा भार द्या ना. उद्या समदी हसतील मला."

"हसू दे," आबाजी म्हणाला.

जत्रेत लोक खरंच हसले. हिरामण तरातरा घरच्या वाटेला लागला. मागून आबाजी लंगडत येत होता. नदीचा उतार आला तसा तो थांबला. हिरामणला राहवलं नाही. तो मागे फिरला आणि नेहमीसारखा त्यानं बापाला खांद्याचा आधार दिला.

उतरता उतरता त्यानं घुश्शातच विचारलं, "तुमाला किती महिने लागलं व्हतं जमिनीला टेकायला?"

"एक दिवस," आबाजी म्हणाला. "माज्या वस्तादानं दोन गडी मांड्यांवर उभे केले व्हते."