पाहुणीसाठी सोफा

सोफा दारात अडकला.

"तिरपा करा, तिरपा!" सुमिनी ओरडली. शेजारच्या जुमादीकाकांनी आणि त्यांच्या मेहुण्याने तो जांभळा सोफा तिरपा केला, चौकटीचा एक टवका उडवला आणि आत आणून मातीच्या जमिनीवर टेकवला. काका घामाने निथळत होते. "सकाळपासून या धुडाने कंबर मोडली," म्हणत दोघे मागच्या दाराने बाहेर पडले.

साखर घेऊन आलेली किनांती उंबऱ्यातच थबकली.

"आई, हे काय?"

"सरकारी बाई येतायत ना. तुझ्यासारखाच अर्ज केलेल्या वरच्या आळीतल्या दोघी मुलींची घरं बघून झाली. आता दुपारचा नमाज आटोपला की आपल्याकडेच."

"अगं, त्या आपली गरिबी बघायला येतायत!"

"बघू देत की. पण बसून बघतील ना? आपल्या चटईखालून ओल वर येते. पाहुणीला त्यावर बसवू?"

किनांतीला जोग्याकर्त्याच्या विद्यापीठात जागा मिळाली होती. फी आणि राहण्याचा खर्च सरकार देणार होतं. पण घर खरोखरच गरजू असेल तर. बाई समोरच्या खोलीचा फोटो काढणार आणि फोटोत दिसेल ते खरं धरणार. अनुदान नाकारलं गेलं, तर किनांतीने आईशेजारी बसून जन्मभर केळीच्या पानात सोयाबीनचे तेंपे बांधायचे होते. हे सगळं तिने आईला चार वेळा समजावलं होतं. आईने चारही वेळा मान डोलावली होती.

ती सोफा ढकलायला वाकली, तोच बाहेरून सलाम ऐकू आला.

सरकारी बाई, बू एंदांग, चपला बाहेर काढून आत आल्या. सुमिनी सोफ्याची उजवी बाजू थोपटत होती, "इथे बसा, इथे वारा लागतो." पण बाई थेट डाव्या टोकाला जाऊन बसल्या, अंग चोरून. सुमिनीने चहा दिला. घरातली निम्मी साखर त्यात होती. सोबत तळलेला कसाव्याचा कंद.

"छान आहे हो सोफा," बाई म्हणाल्या.

"मागच्या ईदला घेतला," सुमिनी म्हणाली.

किनांतीने डोळे मिटले. उघडले तेव्हा बाईंच्या हातात फोन होता. आई तिच्या एकुलत्या एका चांगल्या पोलक्यात, सणाच्या कबायात, ताठ उभी होती. पाहुणीसमोर आईला खोटं पाडायचं, हे या गावात कोणत्याही मुलीने केलं नसतं.

"तो आमचा नाहीये," किनांती म्हणाली.

"पोरीचं मनावर घेऊ नका," सुमिनी घाईने हसली. "हप्ते फिटायचेत अजून, म्हणून म्हणते."

सुमिनीचं हसू तेवढ्यात विरलं. ती खाली बघू लागली. सोफ्याच्या पायांनी ओल्या जमिनीत ताजे खड्डे पाडले होते.

मुलीने आईचा हात धरायला हात पुढे केला. आईने आपला हात काढून घेतला.

बू एंदांगनी फोन मांडीवर ठेवला. कसाव्याचा तुकडा सावकाश खाल्ला. त्या सुमिनीकडे बघत नव्हत्या, बहुधा मुद्दामच.

"ताई, मागे दोघेजण विड्या ओढत बसलेत. वास येतोय. त्यांना बोलवा, म्हणावं हा सोफा ज्याचा त्याच्या घरी पोचवा. मग काढते मी फोटो. वरच्या आळीतल्या दोन्ही घरांचेही पुन्हा काढायचेत."

सुमिनीला त्यातलं निम्मंच कळलं. पण जे कळलं त्याने ती घाबरली.

"अहो, पण मग तुम्ही बसणार कुठे?"

"चटईवर," बाई उठत म्हणाल्या. "सकाळी पहिल्याच घरात या सोफ्याची उजवीकडची स्प्रिंग टोचली मला. तेव्हापासून मी डावीकडेच बसतेय."